ऊस हंगाम संपला. ट्रॉली पावसाळाभर उभी ठेवताना ब्रेकची काय काळजी घ्यावी?

ट्रॉली चार महिने उभी राहणार असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवण्याची सवय आधी सोडावी. कारण पावसाळी दमटपणात ब्रेकचे लायनर (घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) गंजलेल्या ड्रमला (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्याला) चिकटतात आणि दिवाळीनंतर चाक हलता हलत नाही. त्याऐवजी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. मराठवाड्यातली काळी माती ड्रममध्ये बसून ओल धरते, म्हणून ड्रम उघडून ती ओल्या फडक्याने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी आणि बेअरिंगला ग्रीस भरताना ते लायनरला लागू देऊ नये. एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे) असल्यास हवेच्या टाकीत साचलेले पाणी सोडावे. (बऱ्याच जुन्या ट्रॉल्यांना ब्रेकच नसतात, ते वेगळे दुखणे!) टायरांवरचा भार उतरवण्यासाठी आस लाकडी ठोकळ्यांवर टेकवायचा असेल, तर जागा मुरुमाचीच निवडावी, भिजलेल्या काळ्या मातीत ठोकळे रुततात.