चुलत जाऊ बाळंतपणात गेलेली बघून भीती बसलीय, त्याबद्दल

ताई, तुमच्या चुलत जावेचं वाचून फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी 'गर्भजल रक्तात गेलं' सांगितलं, आणि तुम्हाला आठवा महिना आहे. हे आधी कळायची तपासणी असते का, कळांच्या इंजेक्शनमुळे झालं का, असं तुम्ही विचारलंय. मी नागपुरात बरीच वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, म्हणून सरळच सांगते.

तपासणी नाही. सोनोग्राफीत नाही, रक्तात नाही, कशातच आधी दिसत नाही. बाळाभोवतालचं पाणी, त्यातल्या पेशी आईच्या रक्तात शिरतात आणि एखादीचं शरीर त्यावर जोरदार अ‍ॅलर्जी यावी तसं उसळतं. लाखभर बाळंतपणांत साधारण 2 ते 8 जणींना होतं. इंजेक्शनशी काही अभ्यासांत संबंध दिसला, पण त्यामुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही. जास्त पाणी प्यायली, जिने चढली, ग्रहणात बाहेर पडली, यातलं काहीही कारण नाही. घरात कुणी तिला किंवा तिच्या माहेरच्यांना बोल लावत असेल तर कृपा करून थांबवा.

सगळं मिनिटांत घडतं. बोलती-चालती बाई "सिस्टर, जीव घाबरतोय" म्हणते, ओठ निळे पडतात, बीपी लागत नाही. त्यातून सावरली तर रक्तस्राव, आणि ते रक्त गोठतच नाही. अशा वेळी 2 मिली रक्त साध्या काचेच्या नळीत घेऊन मुठीत उबेला धरायचं. 7 मिनिटांनी नळी कलती केली तरी ते पाण्यासारखं वाहिलं, की रक्त, प्लाझ्मा, प्लेटलेट, सगळ्यासाठी धावाधाव. हृदय थांबलं तर छाती दाबता दाबताच बाळ बाहेर काढावं लागतं, आईला वाचवण्यासाठीसुद्धा.

तुमच्या हातात आहे ती जागा. पहिलं बाळंतपण म्हणून काटोलला माहेरी जाताय ना? जरूर जा, आईच्या हातचं खा. पण नववा लागला की नागपुरात या. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत, दोन्हीकडे रक्तपेढी आणि आयसीयू आहे. खासगीत नाव घालणार असाल तर आधी विचारा: रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, रक्त कुठून येतं, आयसीयू इथंच आहे की दुसरीकडे हलवता? विचारल्याचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. आणि हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर ते या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा, रक्त जायची वेळ आली तर तेवढाच साठा अंगात असतो.