वाचक विचारतात : पेटती ज्वाळा, न दिसणारी गळती

प्रश्न : मुलगा सुरतजवळ हजिऱ्याला कामाला आहे. तिकडे गेलो की उंच चिमणीच्या टोकावर रात्रभर ज्वाळा दिसते. आमच्याकडे सिलिंडर संपला की चूल पेटवतात आणि हे लोक गॅस फुकट जाळतात. असं का?
– एक शेतकरी, नवापूर

उत्तर : तिला ‘फ्लेअर’ म्हणतात आणि तिचं पहिलं काम सुरक्षेचं. वीज गेली, कॉम्प्रेसर अडला, दाब वाढला की सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात. सुटलेला गॅस आधी एका मोठ्या पिंपात येतो, त्यातलं द्रव तिथे खाली बसतं. ते वेगळं न करता गॅस वर गेला, तर टोकावरून पेटते थेंब खाली पडतील. वरची छोटी पायलट ज्योत मात्र चोवीस तास जिवंत ठेवावीच लागते.

न जाळता नुसता सोडून दिला तर? १ किलो मिथेन जाळला की पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तोच तसाच हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे ३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर ८० किलोच्याही वर. म्हणून जाळणं बरं, पण नीट जळलं तरच. दहा टक्के मिथेन न जळता निसटला की एकूण नुकसान जवळपास दुप्पट.

काळा धूर म्हणजे ज्वाळेला हवा कमी पडते आहे. त्यावर टोकाशी वाफ सोडतात, म्हणजे हवा ओढली जाते. वाफ जास्त झाली की ज्वाळा थंडावते. धूर दिसत नाही, सगळे खूश, आणि गॅस मात्र कच्चाच वर जातो. त्यामुळे धूर नाही म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

तुमची तक्रार लागू पडते ती रोजच्या मोठ्या ज्वाळेला. तेलविहिरीतून तेलाबरोबर गॅस येतो. तो न्यायला पाइपलाइन नसेल तर काही ठिकाणी जाळून टाकतात. तो कॉम्प्रेसरने परत गोळा करता येतो, जमिनीत पुन्हा दाबता येतो किंवा जागेवरच जनरेटरला देता येतो. अशी नेहमीची जाळपोळ २०३० पर्यंत थांबवायची मोहीम जागतिक बँकेने २०१५ मध्ये सुरू केली.

ज्वाळा निदान दिसते तरी. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग, फ्लँजची (पाइपांच्या जोडाची) गॅस्केट म्हणजे मधली सीलबंद चकती, टाकीचं झाकण इथली गळती डोळ्यांना दिसत नाही. ती इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शोधतात. उपाय बऱ्याचदा नट आवळणं किंवा पॅकिंग बदलणं, एवढाच असतो.

प्रश्न : इंडियन ऑइल २०४६ पर्यंत ‘नेट झीरो’ होणार, म्हणजे तिचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर येणार, असं म्हणते. मग डिझेल विकणं बंद?
– विद्यार्थिनी, शिरपूर

उत्तर : नाही. त्या लक्ष्यात कंपनीच्या कारखान्यांचं आणि तिने विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन येतं. ट्रॅक्टरमध्ये जळलेल्या प्रत्येक लिटर डिझेलमागचा सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड त्यात धरलेला नाही, आणि मोठा वाटा नेमका तोच. जाहिरात वाचताना हे पाहावं.

प्रश्न : घरामागे पेट्रोल पंप आहे. टँकर आला की वास सहन होत नाही, उन्हाळ्यात तर फारच.
– गृहिणी, भुसावळ

उत्तर : जमिनीखालच्या टाकीत १२ हजार लिटर पेट्रोल ओतलं की तेवढीच वाफभरली हवा बाहेर ढकलली जाते. ती व्हेंट पाइपातून बाहेर येते. हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते आणि गटारीत, सखल जागी साठते. त्यात बेंझिन हे कर्करोगकारक रसायनही असतं. वाफ परत टँकरमध्ये नेणारी व्यवस्था असेल, तर टँकर खाली होताना दोन नळ्या जोडलेल्या दिसतात : एक पेट्रोलची, दुसरी वाफेची. घाईत दुसरी जोडतच नाहीत, तिची गॅस्केट फाटलेली असते किंवा डिप (टाकीतली पेट्रोलची पातळी) मोजायचं झाकण उघडंच राहतं, आणि वाफ सोपी वाट धरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचं रुग्णालय आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटर दूर हवा; जागेची अडचण असेल तर जादा सुरक्षा घेऊन ३० मीटर, त्याच्या आत नाही. आधी अंतर मोजून घ्या आणि पंप कधीचा आहे ते विचारा. मग पंपाच्या फलकावरच्या कंपनी अधिकाऱ्याकडे आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. ‘वास येतो’ एवढंच न लिहिता तारीख, टँकरची वेळ आणि दुसरी नळी जोडली होती की नाही, हे लिहा. फोटो काढायचा तर आपल्या गच्चीवरून. पंपाच्या आवारात मोबाइल बाहेर काढू नका.