आधी फुग्याची जागा सोड

प्रिय मित्रा,

तुझ्या चित्रकथेची चार पानं पोचली. रात्री टेबलावर पसरून दोनदा वाचली. हात चांगला आहे तुझा. "माझी स्वतःची शैली कधी तयार होईल?" असं चिठ्ठीत विचारलंस, पण त्याआधी तिसऱ्या पानाबद्दल बोलू.

भांडणाची चौकट बघ. उजवीकडचा मुलगा आधी बोलतो, डावीकडचा उत्तर देतो. आपण डावीकडून वाचतो, म्हणून उत्तर आधी येतं आणि प्रश्न मागून. जपानी चित्रकथा, म्हणजे मांगा, उजवीकडून वाचतात. तिथली मांडणी तू तशीच उचललीस. जो आधी बोलणार, त्याला डावीकडे उभा कर. संवादाचे फुगेही तू चित्र पूर्ण झाल्यावर बसवलेस, त्यात त्या मुलीचं अर्धं कपाळ गेलं. आधी पेन्सिलीने अक्षरं लिही, मग माणसं काढ. आणि आपल्या लिपीला दोन ओळींत जागा जास्त लागते. वरच्या ओळीत 'कुठून' आणि तिच्याखाली 'गेली' असं लिहून बघ, उकार आणि वेलांटी एकमेकांत अडकतील.

आता शैली. राम वाईरकरांनी अमर चित्र कथेसाठी 'कृष्ण' काढला आणि पुढे 'टिंकल' मासिकात भोळसट सुप्पंडीही त्यांनीच काढला. कृष्णाचा तो गोड, भरलेला चेहरा आणि सुप्पंडीचं ते विचित्र डोकं शेजारी ठेव. प्रताप मुळीकांनी अमर चित्र कथेत राजे आणि योद्धे काढले, आणि १९८६ साली राज कॉमिक्सचा महानायक नागराजही त्यांच्याच हातून उतरला. गोष्ट बदलली तशी त्यांची रेषा बदलली. तू मात्र आजीला, हवालदाराला, पानवाल्याला, सगळ्यांना तेच मोठे डोळे आणि तीच टोकदार हनुवटी दिलीस. मला ते फार खुपलं, कारण पानवाल्याचे हात तू इतके खरे काढलेस की ते कुठल्यातरी ठेल्यावर उभं राहूनच काढले असणार.

तसंच आणखी काढ. गणपतीआधी मूर्तिकारांच्या चितारओळीत जा, ओल्या मातीत कारागीर अंगठ्याने खांदा कसा दाबतो ते बघ. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तिच्या गर्दीत चेहऱ्यांच्या मागे लागू नकोस. 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडताना माना आणि खांदे काय करतात, तेवढंच टिप.

मे महिन्यात कूलरसमोर शाईला बसू नकोस. कागद ओलसर होतो आणि रेषा फुटते. कूलर बंद केला तर शाई निबवरच वाळते. मी पहाटे पाचला बसायचो आणि ऊन चढायच्या आत उठायचो.

पैशाचं थोडक्यात. माझ्या पहिल्या ३२ पानांची मूळ चित्रं एका प्रकाशकाकडे गेली ती गेलीच. लेखी काही नव्हतं. त्यातलं एक पान, पावसात भिजणाऱ्या बैलजोडीचं, मला अजून आठवतं आणि अजून वाईट वाटतं. म्हणून पानाचा दर, दुरुस्त्या किती वेळा, मूळ चित्र कुणाकडे राहणार, पुन्हा छापलं तर किती मिळणार, हे सगळं काम हाती घेण्याआधी लिहून घे. मागायला लाजू नकोस.

तिसरं पान नव्याने काढ. शाई लावू नकोस, पेन्सिलीतच ठेव. रविवारी सकाळी घरी घेऊन ये, आजीच्या चेहऱ्याचं काम आपण दोघं मिळून करू.

तुझा,
काका