पाण्याचा रिपोर्ट आल्याशिवाय पोतं फोडू नका

प्रश्न (शिरोळ तालुका): काळी भारी जमीन, दोन एकर ऊस. खालच्या अंगाचा अर्धा एकर पांढरा पडतोय, उगवण विरळ. दुकानदाराने एकरी दहा पोती जिप्सम आणि वरून क्षार काढणारं औषध दिलं. फरक नाही. अजून किती टाकू?

उत्तर: अजून एक पोतंही टाकू नका. जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध आहे, प्रत्येक पांढऱ्या जमिनीचं नव्हे. क्षारयुक्त जमिनीचा ईसी (विरघळलेले क्षार किती, ते सांगणारा आकडा) ४ च्या वर जातो आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत राहतो, तिथे जिप्सम टाकणं म्हणजे क्षारात क्षाराची भर. चोपण जमिनीत सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना धरून बसलेला, १५ टक्क्यांच्या वर असतो. ती ओली झाली की चिकटते, वाळली की दगड होते, पाणी वरच थांबून राहतं. तुमची कोणती, हे दुकानाच्या काउंटरवरून कळत नाही. शून्य ते तीस, तीस ते साठ आणि साठ ते नव्वद सेंटिमीटर असे तीन थरांचे वेगळे नमुने घ्या. चांगल्या भागाचे वेगळे, पांढऱ्या भागाचे वेगळे.

चोपणच निघाली तरी जिप्सम किती, ते प्रयोगशाळा सांगेल, दुकानदार नाही. जमीन चुनखडीची असेल तर जिप्समऐवजी गंधक बसतं का, तेही तिथेच विचारा. जिप्सम उभ्या उसात फेकायचं नसतं. पावसाळ्याआधी, शेणखतासोबत, वरच्या थरात मिसळायचं. त्यातला कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हटवतो, पण हटलेला सोडियम शेतातून बाहेर गेला पाहिजे. वाटच नसेल तर तो तिथेच बसतो आणि तुमचे पैसेही तिथेच.

म्हणून आधी निचरा. कृष्णाकाठच्या आपल्या पट्ट्यात जमिनी बिघडल्या त्या कालवा, उपसा सिंचन आणि पाटाने भरभरून दिलेल्या पाण्यामुळे. पाणीपातळी मुळांपर्यंत आली, उन्हाने पाणी उडालं, क्षार वर राहिले. यावर बाटलीत मिळणारं औषध नाही. बांधाकडेचा बुजलेला चर उन्हाळ्यात उकरा. जमत असेल तर भूमिगत निचरा करा: छिद्रांच्या पाइपाला गाळणीचं कापड गुंडाळून साधारण एक ते सव्वा मीटर खोल, उतार धरून, शेवट नाल्यात. एकट्याच्या शेतात पाइप पुरून भागत नाही, कारण पाणी खालच्याच्या रानात उतरतं. तुमच्याच तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशी कामं केली आहेत, ती जाऊन बघा. आराखड्यासाठी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विचारा. आणि चरातलं पाणी मोटारीने पुन्हा उसाला देऊ नका, ते खारंच असतं. कुणाच्या विहिरीकडेही वळवू नका.

चर झाला की त्या अर्ध्या एकरात एक हंगाम ऊस सोडा आणि धैंचा हे हिरवळीचं खत पेरा. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, फुलावर येताना गाडा. मी ज्याला त्याला धैंचा सांगतो अशी तक्रार आहे, पण इतक्या कमी पैशात जमीन भुसभुशीत करणारं दुसरं मला दिसलेलं नाही.

प्रश्न (सांगोला): बोअरच्या पाण्याचा ईसी २.६ आला. डाळिंबाला ठिबक आहे, ड्रीपर चोंदतात. विक्रेता म्हणतो पाइपावर चुंबकाचं यंत्र बसवा, पाणी गोड होईल.

उत्तर: होणार नाही. यंत्राच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी दोन बाटल्यांत भरून तपासा, ईसी तोच येईल. ड्रीपरला आम्लप्रक्रिया करा, पण ती नळी साफ करते, पाण्यातलं मीठ काढत नाही. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. क्लोरीनसोबत तर अजिबात नाही, विषारी वायू होतो.

२.२५ च्या वरचं पाणी जपून वापरायचं. शेततळ्यातलं गोडं पाणी मिसळा. पोटॅश द्यायचं तर म्युरेट नको, त्यात क्लोराइड असतं. सल्फेट ऑफ पोटॅश घ्या, दुकानदार स्वस्त म्हणून म्युरेट पुढे करेल तरीही. पहिला हलका पाऊस आला की लोक ठिबक बंद करतात. बंद करू नका. ओलाव्याच्या कडेला साठलेला क्षार त्या पावसाने मुळांकडे सरकतो, ठिबक चालू असेल तर तो बाहेरच ढकलला जातो. रिपोर्टमध्ये आरएससी (पाण्यातला उरलेला सोडियम कार्बोनेट) लिहिलेला नसेल तर तोही मागा. २.५ च्या वर असेल तर हे पाणी जमीन चोपण करणार.

प्रश्न (वाळवा): प्यायच्या विहिरीत नायट्रेट ८० मिलिग्रॅम निघालं. घरात चार महिन्यांची नात आहे. उकळून दिलं तर चालेल का तिला?

उत्तर: नाही, नाही, नाही. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळल्याने पाणी आटतं आणि नायट्रेट दाट होतं. तुरटी गाळ बसवते, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) जंतू मारतं, नायट्रेटला दोन्ही हात लावत नाहीत. आरओ काढतो. पण आजपासूनच बाळाचं दूध किंवा पेज त्या पाण्यात करू नका, दुसरीकडचं तपासलेलं पाणी आणा. अंग निळसर दिसलं तर तडक दवाखाना. विहिरीशेजारचा उकिरडा आणि शोषखड्डा हलवा.

मग उसाचा युरिया मोजा. सुरू उसाला (हिवाळ्यात लावलेल्या) हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी युरियाच्या साधारण पाच गोण्या, त्याही चार हप्त्यांत: दहा, चाळीस, दहा, चाळीस टक्के. दुकानदार आठ-दहा सांगतो. जास्तीचा युरिया ऊस खात नाही, तो पाटाच्या पाण्याबरोबर तुमच्याच विहिरीत उतरतो. टाकल्यावर सरी भरून पाणी सोडू नका, वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, द्या.

ठिबक अनुदानाचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर, मृदा आरोग्य पत्रिकेसाठी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक), बाकी अटी तालुका कार्यालयात. पाण्याच्या नमुन्यासाठी मोटार पंधरा मिनिटं चालू ठेवून, त्याच पाण्याने तीनदा विसळलेली प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरा आणि चोवीस तासांत पोचवा. औषधाची बाटली धुऊन आणलेली मी परत पाठवतो.