सरपंचपदावरून विधानसभेकडे

प्रश्न : मी मुक्ताईनगर तालुक्यात सरपंच आहे. अपक्ष म्हणून विधानसभा लढवायची आहे. अर्ज कुठे अडतो?

उत्तर : वाट तुमच्याच तालुक्यातली आहे. कोथळीचे सरपंच एकनाथ खडसे १९९० साली आमदार झाले. वय २५ पूर्ण हवं, अनामत १०,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींना ५,०००). अपक्षाला दहा सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारे) लागतात, तेही त्याच मतदारसंघातले मतदार. सूचकांचे मतदार यादीतले अनुक्रमांक नीट तपासून लिहा आणि अर्जाचे जादा संच भरा. चार संच चालतात. नमुना २६च्या शपथपत्रात (मालमत्ता, गुन्हे वगैरेची माहिती) एकही रकाना कोरा नको, ‘निरंक’ लिहा. आणि संविधानाशी निष्ठेची शपथ! अर्ज दिल्यावर, छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत ती घ्यावीच लागते. धावपळीत नेमकी हीच राहते.