गॅस बंद केला का, तेच आठवत नाही!

प्रश्न : ताई नमस्कार, मी डोंबिवलीला राहते, ऑफिस दादरला. डबे भरताना डोक्यात ट्रेन, ट्रेनमध्ये ऑफिस, ऑफिसात मुलाचा अभ्यास, असं चालूच असतं. स्टेशनजवळ आल्यावर वाटतं गॅस बंद केलाय ना, मग कधी कधी परत घरी. मुलगा म्हणतो आई तुझं लक्षच नसतं. मेडिटेशनचं ॲप घेतलं पण मन लगेच पळतं, वर चिडचिड. वर्तमानात राहा म्हणतात सगळे, पण नक्की करायचं काय?

उत्तर : आधी ते चिडणं सोडा बरं. मन पळणारच, सगळ्यांचंच पळतं. 2010 मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या हार्वर्डच्या दोघांनी 2250 जणांना दिवसभरात मधेच फोनवर विचारलं होतं की आत्ता काय करताय आणि मन कुठंय, तर जवळजवळ 47 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरात 10 दिवस सगळं सोडून बसतात तरी पहिले 3 दिवस नाकपुडीपाशी येणारा-जाणारा श्वास बघण्यातच जातात. मन पळालं हे लक्षात आलं की परत आणायचं, पुन्हा पळालं पुन्हा आणायचं, हाच सराव, त्यात नापास होण्यासारखं काही नाहीये.

आणि वेगळा वेळ काढूच नका, रोजचं एकच काम धरा. भाकरी करत असाल तर फार छान, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की उलटायची, उशीर झाला तर चिरा पडतात, तेवढा वेळ नजर आणि बोटं तिथेच ठेवायची, मोबाईल दुसऱ्या खोलीत. बाकी स्वयंपाक नेहमीसारखा होऊ दे.

गॅसचं म्हणाल तर रेल्वेकडूनच शिका. मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनात लोको पायलट आणि असिस्टंट सिग्नल दिसला की तो मोठ्याने एकमेकांना सांगतात, जपानमध्ये तर रेल्वेवाले बोट दाखवून बोलतात. डोळा, हात, तोंड एकाच गोष्टीवर आलं की ती नीट ध्यानात राहते. तुम्हीही बटण फिरवा, बोट दाखवा आणि मोठ्याने म्हणा, गॅस बंद केला. घरचे हसले तर हसू देत.

मुलासाठी घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं ठेवा, कुकर नंतर लावा, तो बोलेल ते ऐका, मधेच गृहपाठ काढू नका.

एक मात्र बघा. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिल्यावर उलट घाबरायला होत असेल तर ते बंद करा, त्याऐवजी पाय जमिनीला टेकलेले जाणवतात का ते बघा. आणि गॅस बंद आहे हे डोळ्यांनी बघूनही पुन्हा पुन्हा तपासावंसं वाटत असेल, झोप उडाली असेल, तर हा लक्षाचा प्रश्न नसू शकतो, मानसोपचारतज्ज्ञांना भेटाच, किंवा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.