आईचा पाच वाजताचा चहा आणि मधलं दार

घर बांधताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार, साताऱ्यात 40 बाय 60 चा प्लॉट घेतलाय, दिवाळीनंतर बांधकाम सुरू करायचं ठरतंय. घरात मी, बायको, दोन मुलं, आणि आता गावाकडून आई-बाबा कायमचे येणार. बाबा 76, आई 71, तिचे दोन्ही गुडघे गेलेत. बायकोचं म्हणणं की त्यांना खाली किचनसकट वेगळं करून देऊ, त्यांनाही मोकळं आणि आपल्यालाही. हे आईच्या कानावर गेलं आणि तेव्हापासून ती धड बोलत नाही, "वेगळी चूलच मांडायची होती तर मला गावालाच राहू दे" एवढंच म्हणते. आर्किटेक्टनं त्यांची खोली मागच्या बाजूला दाखवलीय, वास्तुवाले म्हणतात मोठ्यांची खोली नैऋत्येलाच पाहिजे. बाबा गावची वडिलोपार्जित थोडी जमीन विकून 18 लाख घालतायत. एक बहीण आहे, लग्न झालेली. मी दोघींच्या मध्ये सापडलोय, काय करू सांगा.
— एक वाचक, सातारा

उत्तर : चूल वेगळी होते ती भावाभावात वाटणी झाल्यावर, त्यामुळे 'वेगळं किचन' हे शब्द आईला कसे लागले असतील ते बघा. बायकोचंही चुकीचं नाही हो, फक्त शब्द चुकला. एक करा, आईला विचारा की सकाळी किती वाजता उठतेस आणि उठल्यावर पहिलं काय करतेस. 5 ला उठत असणार, चूळ भरली की चहा. आता तुमच्याकडे सगळे झोपलेले, एवढ्या पहाटे भांड्यांचा आवाज नको म्हणून ती बाई दोन तास अंथरुणात बसून राहणार आणि कुणाला सांगणार पण नाही. माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या तेव्हा सहा महिने हेच झालं, आम्हाला वाटायचं आता त्यांना उशिरा उठायची सवय लागली, आम्ही कौतुकानं लोकांना सांगायचो पण!

तर आईला चहाचा ओटा करून द्या. 5-6 फुटांचा पुरे, एक सिंक, खाली दोन ड्रॉवर, शेजारी छोटा फ्रिज आणि इंडक्शनसाठी 16 अँपिअरचा सॉकेट. गॅस नकोच तिथे, बंद करायचा राहिला की सगळ्यांना टेन्शन. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं पातेलं चालत नाही, ज्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं, तेव्हा आईचं ते वर्षानुवर्षांचं चहाचं पातेलं येणार असेल तर आत्ताच एक शेगडी आणि भांडं गावाला नेऊन द्या, हात बसू दे. ओट्याची उंची आईला उभं करून मोजा. मिस्त्री सगळीकडे 33-34 इंच करतात, पाच फुटाच्या आतल्या बाईला 31 पुरतो, नाहीतर खांदे भरून येतात. जेवण मात्र मोठ्या किचनमध्ये, सगळ्यांचं एकत्र, आणि हे आईला तुमच्या बायकोनं सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर तिला वाटणार सुनेनं बोलायला लावलं.

दोन्ही भागांच्या मध्ये एक दार असू दे, त्याला कडी दोन्ही बाजूंनी. दुपारी बाबा झोपले की त्यांनी लावावी, तुमच्याकडे गोंधळ असला की तुम्ही लावा, रात्री मात्र दोन्ही कड्या काढलेल्या. कडी एकाच बाजूला ठेवली की ज्याच्या हातात कडी घर त्याचं, मग किती का गोड बोला. आणि देवघर त्या दाराला लागूनच घ्या. आई देव घेऊन येणारच, ते काय गावाला ठेवून येणार नाही. पूजेला ती तिथे, शाळेत जाताना नमस्काराला मुलं तिथे, म्हणजे दिवसातून एकदा तरी सगळ्यांची गाठ पडते. शेजारची भिंत मोकळी सोडलीत तर गौरी-गणपतीची आरासही तिथेच होते, आणि त्या पाच-सात दिवसांत तुमची आईच घरची मालकीण असते, बघा.

खोली मागे नको. मागे बघायला काय, शेजाऱ्याची कंपाउंड वॉल आणि सेप्टिक टँकचं झाकण. बाबांना रस्ता दिसला पाहिजे, कोण आलं कोण गेलं, भाजीवाला काय ओरडतोय. पुढच्या बाजूला घ्या, 12 बाय 14 ची खोली आणि तिला 6 बाय 12 ची पडवी, स्वतःच्या पायरीची, हात टेकायला कठडा असलेला बाक. गावाकडचं कुणी भेटायला आलं तर तुमच्या हॉलमधून, मुलांच्या पायातून वाट काढत आत जायला नको, नाहीतर चार वेळा संकोच झाला की माणसं यायची बंद होतात. खोलीत दोन वेगळे बेड मावतील आणि एक दिवाण उरेल असं बघा, उद्या सोबतीला बाई ठेवायची वेळ आली तर ती झोपणार कुठे.

नैऋत्येचं म्हणाल तर वास्तू मानायची की नाही ते तुमच्या घरचं, मी त्यात पडत नाही. पण त्या कोपऱ्याला उन्हाळ्यात दुपारपासून ऊन झोडपतं, रात्री 10 ला सुद्धा भिंतीला हात लावला तर गरम, आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर झड येते तीही तिकडूनच, ओल पहिली तिथे. तुम्ही दुपारी कामावर असणार, ते दोघं दिवसभर त्याच खोलीत. घ्यायचीच असेल तर पश्चिमेची खिडकी लहान ठेवा, वर दोन फुटांचा छज्जा काढा, शक्य असेल तर कपाटं त्या भिंतीला लावा पण जरा सोडून, चिकटवलीत तर मागे बुरशी.

आता बाथरूम, इथे मी जरा जास्त बोलणार. माझे वडील पडले ते बाथरूममध्ये, आणि पडले ते नेमके दाराला आडवे. दार आत उघडणारं. ते आतून "मी ठीक आहे" म्हणतायत आणि आम्ही बाहेर, ढकलावं तर त्यांच्याच अंगावर, शेवटी सुतार आला आणि त्यानं बिजागऱ्या कापल्या, 40 मिनिटं गेली. आणि ते घर डिझाइन कुणी केलं होतं, मी! तेव्हापासून कुणाचाही प्लॅन आला की माझी नजर आधी बाथरूमच्या दाराकडे जाते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, 3 फूट मोकळी वाट मिळेल एवढी चौकट, आणि कडी बाहेरूनही नाण्यानं फिरवता येईल अशी. आत निदान 6 बाय 8, मध्ये 5 फूट व्यासाचा गोल मोकळा, उद्या व्हीलचेअर आली तर ती वळायला तेवढा लागतोच. उंबरा नको. पाणी बाहेर येईल म्हणून मिस्त्री उंबऱ्याचा हट्ट धरतो, त्याला सांगा बाथरूमची पातळी भरणीतच खाली घे, उतार शॉवरकडे दे आणि दाराशी जाळीची पन्हळ टाक. टाइल्स दुकानात कोरड्या बघू नका, पाणी ओतून ओल्या पायानं उभं राहून बघा, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

कमोडची बैठक 18 इंचावर यावी, 16 वरून गुडघे गेलेल्या माणसाला उठवत नाही. बाजूच्या दांडीला 32-33 इंच उंची. आणि इथेच सगळे फसतात, हल्ली भिंती एएसी ब्लॉकच्या असतात, पांढरे हलके, त्यात साध्या स्क्रूनं लावलेली दांडी अख्ख्या माणसाचं वजन घेत नाही, ज्या दिवशी खरंच पकडायची वेळ येते त्या दिवशी ती हातात येते. तेवढा पट्टा लाल विटांचा किंवा काँक्रीटचा करून घ्या आणि टाइल्स बसायच्या आधी टेप लावून फोटो काढून ठेवा, नाहीतर नंतर कुठे भोक पाडायचं कुणालाच आठवत नाही. बेलचं बटण कमोडजवळ लावतात सगळे, पण पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचत नाही, म्हणून दोरीवाली बेल घ्या, दोरी जमिनीपर्यंत. आणि बेडपासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर पायाशी छोटा दिवा.

उताराचं आत्ताच ठरवा. नियम साधा आहे, 1 फूट चढायला 12 फूट लांबी. तुमचं जोतं दीड फूट धरलं तर 18 फूट होतात, दोन फूट केलंत तर 24. गेटपासून पोर्चचा कोबाच हळूहळू चढवत आणलात तर वेगळा रॅम्प करायची गरज कमी होते आणि घर दवाखान्यासारखं दिसत नाही. आर्किटेक्टला प्लॅन मंजुरीला टाकायच्या आधी सांगा, नंतर नाही.

शेवटी 18 लाख. जमीन वडिलोपार्जित आहे म्हणताय, तर हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर अशा मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, लग्न झालेलं असलं तरी. बहिणीला आधी फोन करा, खरेदीखताच्या दिवशी सही करायला ये म्हणून नाही, आत्ताच. आणि बाबांचे पैसे घरात जाणार तर बाबांचं किंवा आईचं नाव प्लॉटच्या कागदावर यायला काय हरकत आहे? काही जण सगळं मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून मोकळे होतात. तशी वेळ आली तर आई-बाबांचा सांभाळ मुलानं करायचा ही अट त्यातच लिहून घ्या, 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. तुम्ही मोडणार नाही हो, पण लिहिलेलं असलं की बाबांना रात्री झोप लागते. वकील गाठा, अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : आमचे आई-बाबा आत्ता 62-63 चे आहेत, एकदम ठणठणीत, रोज 5 किलोमीटर चालतात. त्यांना वरचा मजला आणि टेरेस देऊ, बाग करतील, खाली आम्ही. पुढे लागली तर लिफ्ट बसवू. चालेल ना?
— नाशिकहून एक वाचक

उत्तर : नाही चालणार. घर 40-50 वर्षांसाठी बांधताय आणि विचार पुढच्या पाचाचा करताय. मजले बदला, तुम्ही वर जा, बाग त्यांना खाली अंगणात द्या, कुंड्या उचलून पाणी वर न्यायचं कुणी. लिफ्टचं मात्र बरोबर आहे पण ती 'पुढे' बसत नाही, तयार स्लॅब आणि बीम नंतर कापणं म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या डोक्याला ताप आणि तुमच्या खिशाला पण. जिन्याशेजारी आत्ताच 5 बाय 5 चा चौकोन दोन्ही मजल्यांवर एकावर एक धरून ठेवा, भोवतीचे बीम त्या हिशोबानं घालून घ्या, तोपर्यंत खाली स्टोअर, वर मुलांच्या सायकली आणि गाद्या. जिन्याची पायरी 6 इंचाची, पाऊल 12 इंच, कठडा दोन्ही बाजूंनी. जागा वाचवायला साडेसातची पायरी करतात, ती नको, तुमचेही गुडघे काही 25 चे राहणार नाहीयेत.

प्रश्न : आजीचा हट्ट आहे की तिला भारतीय संडासच पाहिजे, कमोडवर तिला होतच नाही म्हणते. वय 78. घरात सगळे तिला समजावून दमले.
— कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : समजावू नका, जागा असेल तर एक भारतीय करून द्या, बाजूला भक्कम दांडी लावून. आणि तिच्या मुख्य बाथरूममध्ये कमोड, त्याच्यापुढे पाय टेकायला 7-8 इंचाचं स्टूल, पाय वर आले की बैठक बरीचशी उकिडवी होते आणि पोट साफ व्हायला मदत होते. स्टूल जड आणि रबरी बुडाचं घ्या, प्लास्टिकचं सरकतं. पावसाळ्यात एखाद्या रात्री ती आपणहून जवळचंच वापरेल, तेव्हा कुणी "बघ, आम्ही म्हणत होतो ना" असं म्हणायचं नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.